सायाळीची मुकी शेपटी

एका जंगलात एक सायाळ राहत असे, आणि तिला दिवसा झोप लागत नसे.

सायाळ म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, अंधार पडला की खायला हिंडायचं आणि उजाडलं की बिळात शिरून ताणून द्यायची, हा तिच्या जातीचा शिरस्ता. पण ही सायाळ उजेड वाढत गेला तरी बिळाच्या छताकडे बघत पडून राही. तिची काळजी तिच्या शेजारीच, तिच्या पोटाला नाक लावून, गाढ झोपलेली असे. त्या काळजीचं नाव बारकी. पावसाळ्यात जन्मलेलं पिल्लू थंडी येईस्तोवर गुबगुबीत व्हायला हवं, तर बारकी होती तशीच होती. कारण अगदी साधं होतं. बारकी जेवत नसे.

समोर कंद ठेवला की ती त्याचा वास घेई, एक टोक चावे, तोंड वाकडं करून थुंके आणि "उद्या खाईन" म्हणे. तो उद्या काही उजाडत नसे. सायाळीने कंद सोलून दिला, दगडाने ठेचून दिला, ओढ्यात धुऊन दिला, चिंचेच्या कोवळ्या पानात गुंडाळून दिला. एकदा तर तिने डोकं चालवलं. एक मोठा कंद बिळाच्या कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाली, "हा मोठ्यांचा कंद आहे हं, लहानांनी हात लावायचा नाही." बारकीने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली आणि तो कंद खरोखरच मोठ्यांसाठी सोडून दिला.

जंगलात सल्ल्यांना तोटा नव्हता. सशीण म्हणाली, पोट बिघडलं असेल, कोवळं गवत दे. हरिणी म्हणाली, दे म्हणजे खाईल असं नसतं, तू समोर बसून खा. मुंगशीण म्हणाली, आमची तर काहीही खातात बाई, आम्हालाच लपवून ठेवावं लागतं. सायाळ सगळ्यांना हो हो म्हणे आणि घरी येऊन विचार करत बसे, की चूक आपलीच आहे हे तर नक्की, फक्त कोणती ते सापडत नाही.

एक गोष्ट मात्र तिने बारकीला पक्की शिकवली होती, आणि त्याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नव्हती. सायाळीच्या शेपटीला काही निराळे काटे असतात. ते टोचत नाहीत. आतून पोकळ असतात, टोकाला उघडे, लहानशा पेल्यासारखे. ती चालू लागली की ते एकमेकांवर आपटतात आणि खुळखुळ वाजतात. अंधारात आई पुढे आणि बारकी मागे, मध्ये तेवढा खुळखुळ. "तो ऐकू येईनासा झाला तर काय करायचं?" सायाळ विचारी. बारकी पाठ केल्यासारखं सांगे, "होते तिथेच गोळा होऊन बसायचं. गप्प बसायचं. हाक आली तरी हलायचं नाही, कारण हाक भृंगराजपण मारतो." आणि ते खरंच होतं. त्या जंगलातला भृंगराज पक्षी कुणाचाही आवाज हुबेहूब काढी. सायाळीच्या आवाजात "बारकी, ये गं" असं म्हणून त्याने पूर्वी एकदा गंमत केली होती, आणि ती गंमत सायाळीला मुळीच आवडली नव्हती. शेपटीचा खुळखुळ तेवढा त्याला जमत नसे. त्यामुळे बारकी विश्वास ठेवी तो फक्त शेपटीवर.

तर एका दुपारी सायाळ अशीच झोप न येता बिळाच्या तोंडाशी बसली होती. तेवढ्यात घोरपडमावशी उन्हाला आल्या. मावशींचं घर वरच्या अंगाला, गरम पाण्याच्या कुंडाजवळच्या कपारीत होतं. तिथून त्या रमतगमत खाली येत, सायाळीच्या अंगणातल्या दगडावर पसरत आणि डोळे मिटून बोलत. त्या दिवशी त्यांनी पळसाच्या पानावर काहीतरी तांबूस, चिकट आणलं होतं. "शिंदीची काकवी आहे," त्या म्हणाल्या. "गेल्या थंडीतली, बुडाशी राहिली होती. चाटव पोरीला."

बारकीने वास घेतला. सायाळीने नेहमीप्रमाणे श्वास रोखला. बारकीने जिभेचं टोक लावलं, मग अख्खी जीभ लावली, मग पान स्वच्छ केलं आणि शेवटी पान ज्या दगडावर ठेवलं होतं तो दगडही चाटला.

"अजून," बारकी म्हणाली.

हा शब्द त्या बिळाच्या आसपास पूर्वी कधी कुणी ऐकला नव्हता. सायाळीला वाटलं, आपल्याला डुलकी लागली असावी. पण बारकी पुन्हा म्हणाली, आणि दगडाची खालची बाजू बघू लागली.

"मावशी," सायाळ म्हणाली, "ही करतात कशी?"

मावशींनी डोळे न उघडताच सगळं सांगितलं. थंडी कडक पडली की शिंदीच्या झाडात गोड रस उतरतो. शेंड्याजवळ खोड बेताने तासायचं, दोन दिवस जखम वाळू द्यायची, मग नळी बसवायची आणि खाली भांडं ठेवायचं. रात्रभर थेंब पडतात. उन्हं यायच्या आत भांडं उतरवायचं, नाहीतर रस आंबतो. उतरवला की थेट गरम कुंडाशी न्यायचा आणि पसरट भांड्यात घालून उकळत्या पाण्यावर ठेवायचा. आटत आटत काकवी होते. दरवर्षी मावशीच करत, पण आता त्यांचे पाय झाडावर ठरत नव्हते. "तू कर," त्या म्हणाल्या. "शिंदी तर तुझ्या अंगणातच आहे. ओढ्यावर अशी वाकलीय, की तुझ्यासारखीलाही चालत वर जाता येईल. फक्त तासताना फार खोल जाऊ नकोस. खोल गेलीस तर झाडच जाईल."

"आणि उथळ राहिलं तर?"

"तर काही येणार नाही."

"मग नेमकं किती?"

"ते कळतं गं हाताला," मावशी म्हणाल्या आणि झोपी गेल्या.

त्या दिवशीही सायाळीला झोप लागली नाही, पण ते जागणं निराळं होतं. थंडी पडायला अजून अवकाश होता आणि करायचं किती होतं! भांडं, झाकण, गाळणं, नळी, पसरट भांडं. ती उठून बसे, एखादी गोष्ट आठवे, पुन्हा पडे, पुन्हा उठे. संध्याकाळ होताच ती बारकीला मागे घेऊन निघाली, आणि शेपटी त्या दिवशी इतकी वाजत होती, की वाटेवरचे बेडूक गप्प झाले.

रानाच्या कडेला एका वेलावर भोपळे वाळून टणक झाले होते. सायाळीने दोन निवडले. एकाचा देठ कुरतडून तोंड केलं, तो झाला तुंबा. दुसरा आडवा कुरतडून त्याचं पसरट भांडं केलं. कुरतडणं हे सायाळीचं काम, त्यात तिला कुणाला विचारावं लागलं नाही. तुंब्याच्या आतला वाळका गर निघावा म्हणून तिने त्यात ओढ्यातले खडे टाकले आणि तो गदगदा हलवला. बिळात बसलेल्या बारकीने बाहेर डोकं काढलं.

"मला वाटलं तू आलीस," ती म्हणाली. "पण तुझी शेपटी सर्दीने बसल्यासारखी वाटली."

"अगं, हे खडे आहेत."

"हो, तू नाहीसच," बारकी म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

गाळणं आयतंच मिळालं. सुगरणीचं जुनं घरटं वाऱ्याने ओढ्याकाठी पडलं होतं, इतकं घट्ट विणलेलं, की त्यातून मुंगीही गेली नसती. झाकणासाठी पळसाची मोठी पानं घेतली आणि ती टाचायला सायाळीने स्वतःच्या पाठीवरचे दोन काटे उपसले. आपल्या अंगच्या काट्यांनी टाचलेलं झाकण बघून तिला इतकं बरं वाटलं, की तिने ते काढून पुन्हा टाचलं, जरा आणखी सरळ. तुंबा तोंडात धरून नेता यावा म्हणून वेलीची कडी केली. ती एकदा ओढून पाहिली, मग रात्री उठून पुन्हा ओढून पाहिली. कडी चांगली होती. मग तिला वाटलं, सारखी ओढून ओढून आपणच ती सैल केली असेल, म्हणून तिने नवी केली.

राहिली नळी. आणि नळीनेच सगळं अडवलं.

शिंदी वाकली होती खरी, पण वाकली होती ओढ्यावर. खाली पाणी. तुंबा ठेवायचा तर काठावर, म्हणजे शेंड्यापासून काठापर्यंत रस आणायला लांबच लांब नळी हवी. बांबू आणला, तर त्याला मध्ये मध्ये गाठी. बोरू आणला, तर तो दात लागताच उभा चिरला. एरंडाच्या पानाचा देठ पोकळ असतो म्हणून तो लावून पाहिला, तर तो दुसऱ्या दिवशी सुकून वाकला. थंडी मात्र थांबायला तयार नव्हती. पहाटे गवतावर दव गोठल्यासारखं दिसू लागलं. बारकी रोज झाडाखाली जाऊन वर बघे आणि परत येऊन सांगे, "अजून काही नाही." जणू सायाळीला ते माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी सायाळ झाडाखाली तळमळत फेऱ्या घालत होती. फेरी घातली की खुळखुळ, थांबली की शांत. फेरी, खुळखुळ. थांबली. आणि तिने मान वळवून आपल्या शेपटीकडे बघितलं.

पोकळ. हलके. पाण्याने न कुजणारे. टोकाला उघडे. एकाच्या तोंडात दुसरा बसवला की झाली नळी! ती इतकी हरखली, की लगेच एक काटा उपसून, त्याचं बंद बुड कुरतडून त्यात तिने ओढ्याचं पाणी ओतून पाहिलं. पाणी या तोंडाने गेलं, त्या तोंडाने आलं. बारकीला तो प्रयोग इतका आवडला, की तिने तो पुन्हा पुन्हा करायला लावला. सांध्यांना लावायला मधमाश्यांच्या पडक्या पोळ्याचं मेण होतंच. एक काटा, दुसरा, तिसरा. शेंड्यापासून निघालेली नळी खोडावरून अर्ध्यावर आली. मग आणखी काटे. मग आणखी. काठाशी यायला थोडं कमी पडत होतं, ते तिने उरलेल्यांतून पुरं केलं. त्याउपर काही काटे राहिले. पण एखादा सांधा निसटला, एखादा काटा फुटला तर ऐन पहाटे काय करायचं, म्हणून तेही तिने उपसून सुगरणीच्या घरट्यात जपून ठेवले.

मग ती चार पावलं चालली. काही वाजलं नाही.

क्षणभर तिला कसंसंच झालं, कुणीतरी सोबत होतं आणि आता नाही असं. पण लगेच एक नवी गोष्ट सुचली आणि ती खूश झाली. अस्वल! साऱ्या तयारीत तिला धाक होता तो अस्वलाचा. गोडाचं नाव काढलं की जंगलात पहिलं नाव त्याचं निघे. रोज पहाटे ती खुळखुळ वाजत झाडाशी जाणार, मग ते त्याला कळल्याशिवाय कसं राहील? आता ती कधी जाते आणि कधी येते, कुणालाही कळणार नव्हतं.

दुसऱ्या दुपारी मावशी आल्या, त्यांनी नळी वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि सांध्याला जीभ लावून पाहिली. "काम चोख आहे," त्या म्हणाल्या. मग सायाळ त्यांच्यासमोरून गेली तसा त्यांनी एक डोळा उघडला. "शेपटी मुकी झाली की गं तुझी."

"बरंच झालं, मावशी. अस्वलाला ऐकू जाणार नाही."

"अस्वलाला नाही जाणार," मावशी म्हणाल्या आणि डोळा मिटला. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं की नाही, ते सायाळीने विचारलं नाही. तिला खोड तासायचं होतं.

ती वाकलेल्या खोडावरून शेंड्यापर्यंत गेली आणि दातांनी साल अगदी बेताने काढू लागली. खोल नाही. उथळही नाही. प्रत्येक वेळी दात लावताना तिला वाटे, हे जास्त झालं. आणि थांबली की वाटे, कमी पडलं. शेवटी आतून पांढरा, ओलसर गाभा दिसला आणि तिच्या दातांनीच तिला सांगितलं, आता पुरे. मावशी म्हणत होत्या ते खरं निघालं, त्यांनी हात म्हटलं होतं एवढंच.

जखम वाळली, नळी बसली, तुंबा काठावर दगडांच्या बेचक्यात टेकला. संध्याकाळी थंडी अशी पडली, की श्वासाची वाफ दिसू लागली. आई आणि बारकी झाडाखाली माना वर करून बसल्या. बराच वेळ काही झालं नाही. सायाळ मनातल्या मनात झाडाची माफी मागायला लागली होती.

"आला," बारकी म्हणाली.

शेंड्याशी एक थेंब चमकला. तो फुगला, डगमगला आणि नळीत शिरला. नळी इतकी पातळ होती, की थेंब आतून जाताना बाहेरून दिसत होता. बारकी त्याच्याबरोबर खालून चालू लागली. प्रत्येक सांध्याशी तो जरा थांबे, तशी बारकीही थांबे. "चल, चल," ती त्याला म्हणे. शेवटच्या काट्याच्या तोंडाशी येऊन त्याने तुंब्यात उडी मारली. टप. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. इतका सुंदर आवाज आपण कधी ऐकला नव्हता असं सायाळीला वाटलं. मागोमाग दुसरा थेंब आला, मग तिसरा, आणि मग त्यांची रांगच लागली.

पहाटे तुंबा गळ्यापर्यंत भरला होता. पसरट भांडं सायाळीने आदल्या दिवशीच कुंडाशी नेऊन ठेवलं होतं. सायाळीने झाकण टाचलं, जास्तीच्या काट्यांचं ते सुगरणीचं घरटं गळ्यात अडकवलं, आणि बारकीला "मागोमाग ये हं" असं सांगून कडी तोंडात धरली. आता तोंडात कडी असताना बोलता येईना, पण बोलायची गरजच काय होती? वाट ओळखीची होती आणि शेपटी वाजत नसली तरी आईची पाठ बघत बारकी रोज मागोमाग येतच होती.

फक्त त्या पहाटे धुकं पडलं होतं. नुसतं धुकं नव्हे, कुंडाच्या बाजूने वाहत आलेली वाफही त्यात मिसळली होती. सायाळीला स्वतःची मिशी दिसत होती, त्यापुढचं काही नाही. पण तिचं मन तुंब्यात होतं. एक थेंब सांडू द्यायचा नाही. उन्हं यायच्या आत पोहोचायचं. आज आटवायला ठेवलं, की बारकी म्हणेल, अजून. आणि आपण देऊ. पुन्हा म्हणेल, आपण पुन्हा देऊ. या विचारात ती कुंडाजवळच्या वळणावर आली आणि धपकन कशावर तरी आदळली. ते मऊ होतं, काळं होतं आणि कुरकुरलं.

अस्वल वाटेच्या मधोमध बसलं होतं.

सायाळीचे सगळे काटे उभे राहिले. तिने तुंबा खाली ठेवला आणि त्याच्यापुढे आडवी झाली. अस्वलाने आपलं नाक चोळलं. "काय हो ताई," ते रागाने नव्हे, दुखावल्यासारखं म्हणालं, "रोज तुमचा खुळखुळ ऐकला की मी लांबूनच बाजूला होतो. काटे टोचून घ्यायची मला काय हौस आहे? आज काही वाजलंच नाही." मग त्याने तुंब्याच्या दिशेने हुंगलं. "शिंदीचा वाटतं. ताजा?"

"ताजा," सायाळ कशीबशी म्हणाली.

"मग असू द्या. गोडाने माझी दाढ ठणकते. आंबला तर हाक मारा." ते जायला उठलं आणि थांबलं. "आज एकट्याच? पिल्लू नाही आणलं?"

सायाळीने मागे वळून पाहिलं. मागे धुकं होतं.

ती "बारकी" म्हणून पुन्हा पुन्हा ओरडली, आणि ओरडतानाच तिला कळलं, की त्याचा उपयोग नाही. हाक आली तरी हलायचं नाही. हाक भृंगराजपण मारतो. बारकी कुठेतरी गोळा होऊन, गप्प, डोळे मिटून बसली असणार, आणि सांगितल्याप्रमाणे शेपटीची वाट बघत असणार. वाट बघून कंटाळली तर उठणार. इथून जमीन कुठे संपते आणि उकळतं कुंड कुठे सुरू होतं, ते मोठ्यांनाही दिसत नव्हतं. सायाळीने शेपटी हलवली. पुन्हा, जोरात, सगळं अंग हलवून हलवली. ती मुकीच होती. तिचा आवाज शिंदीच्या खोडावर नळी होऊन बसला होता, आणि थोडा तिच्या गळ्यात, घरट्यात.

घरट्यात!

ते वाजवून पाहिलं, तर मऊ गवतात काटे नुसते खसखसले. त्यांना टणक, पोकळ काहीतरी हवं होतं. सायाळीने तुंब्याकडे बघितलं. तो गळ्यापर्यंत भरलेला होता. त्यात तिच्या साऱ्या न झोपलेल्या दुपारी होत्या. त्यात बारकीचं जेवण होतं.

तिने झाकण उचकटलं आणि तुंबा उपडा केला.

"अहो ताई," अस्वल कळवळून म्हणालं, "नुसता उन्हात ठेवला असतात तरी..." पण ती ऐकायला थांबली नव्हती. रिकाम्या तुंब्यात तिने सगळे काटे टाकले. आता इथेच वाजवावं, असं तिच्या मनात आलं आणि तितक्यात दुसरं आलं : इथे वाजवलं तर पोरगी धुक्यातून सरळ कुंडाकडे चालत येईल. म्हणून तुंबा छातीशी धरून ती आल्या वाटेने मागे पळाली, पायाखाली गार गवत लागेपर्यंत. तिथे ती थांबली आणि तिने तुंबा हलवला.

खुळखुळ.

जरा निराळा होता. मोठा होता. पण काटे तेच होते. ती हलवत राहिली, थांबून कान देत राहिली, पुन्हा हलवत राहिली. आपण ज्या आवाजाला इतकी वर्षं शेपटीमागे ओढत फिरलो, तो आता दोन्ही पंजांत धरून मागावा लागतोय, असं तिला वाटलं.

जवळच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. आधी एक नाक बाहेर आलं, मग मऊ, ओले काटे, आणि मग सगळी बारकी.

"तू खूप हाका मारल्यास," बारकी म्हणाली. "पण मी हलले नाही."

सायाळीने तिला पोटाशी घेतलं. तुंबा बाजूला पडला होता. वर वळणावर अस्वल सांडलेला रस चाटून बघत होतं आणि दाढ धरून पुन्हा चाटत होतं. ओढ्याकडून, कुणी बघत नसतानाही, शिंदी आपली टप टप करतच होती. खाली आता भांडं नव्हतं, पण उद्याची पहाट होती, आणि तिच्याआधी तुंब्यातले काटे परत शेपटीत कसे बसवता येतील याचा विचार सायाळीने सुरूही केला होता. मग मात्र तिला वाटलं, की आज घडलं ते पोरीच्या मनावर नीट ठसायला हवं. तिने घसा साफ केला.

तात्पर्य : ज्याच्यासाठी आपण एवढी तयारी करतो, त्याला आपण कुठे आहोत हे कळत राहील, इतका आपला आवाज आपल्यापाशी राखून ठेवावा. हे सायाळीने बारकीला धुकं विरून उन्हं येईपर्यंत, पुन्हा पुन्हा, समजावून सांगितलं. बारकीने ते सगळं शहाण्या मुलीसारखं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आई, भूक लागली. तो मोठ्यांचा कंद अजून आहे का?"